नांदेड–अमृतसर : अंतर एक, वेळा अनेक

नांदेडच्या स्टेशनबाहेर उभं राहून कुणालाही विचारा, ‘‘अमृतसर किती लांब आहे हो?’’ उत्तर किलोमीटरमध्ये क्वचितच मिळेल. ‘‘सकाळच्या सचखंडमध्ये बसा, उद्या रात्री उतराल,’’ असं रिक्षावाला सांगेल. हाच प्रश्न एखाद्या वैमानिकाला विचारला तर तो म्हणेल, ‘‘सव्वादोन तास.’’ भूगोलाचे गुरुजी म्हणतील, ‘‘चौदाशे किलोमीटर.’’ रेल्वेच्या वेळापत्रकात तेच अंतर दोन हजारांच्या वर दिसेल. यातलं कुणीही खोटं बोलत नाही. गावं तीच, जमीन तीच, मग उत्तरं इतकी वेगळी का? आज याच प्रश्नाचा थोडा हिशेब आपण करणार आहोत.

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं आणि गणिताला रामराम केला. पण हा हिशेब शाळेतल्या गणितानंही सुटतो. कागद, पेन्सिल आणि घरात पडलेली मुलांची नकाशावही एवढं पुरे.

नांदेडचा विमानतळ १९ अंश ११ मिनिटं उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश १९ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. अमृतसरचा विमानतळ ३१ अंश ४३ मिनिटं उत्तर आणि ७४ अंश ४८ मिनिटं पूर्व. म्हणजे अमृतसर आपल्यापेक्षा १२ अंश ३२ मिनिटं उत्तरेला आणि अडीच अंश पश्चिमेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा उत्तरेकडची चाल झाली १,३९२ किलोमीटर. रेखांशाचं मात्र तसं नसतं. संत्र्याच्या फोडी मधे रुंद आणि टोकाला निमुळत्या असतात, तशा रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात. आपल्या वाटेच्या मध्यावर, साडेपंचवीस अंशाच्या आसपास, एक अंश जेमतेम शंभर किलोमीटरचा उरतो. म्हणून पश्चिमेकडची चाल अडीचशे किलोमीटर. आता पायथागोरसचा काटकोन त्रिकोण आठवा. या दोन बाजूंचा कर्ण निघतो सुमारे १,४१५ किलोमीटर. हे झालं हवाई अंतर.

वैमानिक किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सागरी मैलात मोजतात. त्यामागचं कारण मोठं सोयीचं आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. जहाजांच्या काळात नकाशावरच्या मिनिटांवरून अंतर मोजता यावं म्हणून ही रीत पडली आणि समुद्रावरून ती आकाशात गेली. त्या भाषेत नांदेड ते अमृतसर ७६४ सागरी मैल.

आता याच कागदावर आणखी एक गणित करून बघा. मुंबईच्या विमानतळापासून अमृतसर किती? मुंबईही १९ अंशांच्या जरा वरच आहे. ती अमृतसरच्या दोन अंश पश्चिमेला, तर नांदेड अडीच अंश पूर्वेला. कर्ण काढला की उत्तर येतं सुमारे १,४१६ किलोमीटर! नांदेड आणि मुंबई यांच्यात फरक पडतो तो एक-दोन किलोमीटरचा. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात उभं राहून पाहिलं तर ही दोन्ही शहरं सारखीच दूर आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

रेल्वेचा आकडा मोठा का, ते नकाशावर बोट फिरवलं की कळतं. सचखंड एक्सप्रेसला जायचं असतं उत्तरेला, पण नांदेडहून निघाल्यावर ती आधी परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते. मनमाड तर अमृतसरच्याही किंचित पश्चिमेला आहे. तिथून ती भुसावळ, खांडवा, इटारसी असं पुन्हा पूर्वेकडे वळते. इटारसीला पोचलो की आपण नांदेडच्याही थोडे पूर्वेला असतो. म्हणजे अर्धा दिवस फिरून गाडी पुन्हा आपल्याच रेघेपाशी येते, फक्त साडेतीन अंश वर. मग भोपाळ, झाशी, आग्रा, दिल्ली, अंबाला, लुधियाना, जालंधर. सरळ रेषेपेक्षा सहाशेहून जास्त किलोमीटर अधिक. यात रेल्वेचा दोष नाही. रूळ डोंगर, नद्या आणि बाजारपेठा बघून टाकलेले असतात, शिवाय ते टाकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नांदेडचा अमृतसरला जाणारा यात्रेकरू नव्हता. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर डब्यांत लंगर येतं. त्यामुळे भुकेची काळजी नसते, पण तेहतीस-चौतीस तास लागायचे ते लागतातच.

विमानाच्या वेळेचं गणित वेगळं. मध्यम आकाराचं जेट विमान उंचीवर गेलं की ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगानं जातं. १,४१५ ला ८३० ने भागलं तर एक तास बेचाळीस मिनिटं येतात. पण विमान काही धावपट्टीवरून उडताच तो वेग गाठत नाही. आधी ते जमिनीवर रांगत धावपट्टीच्या टोकाला जातं, मग वीसेक मिनिटं चढतं, शेवटी तेवढाच वेळ हळूहळू उतरतं, एखाद्या वेळी घिरट्याही घालतं. म्हणून एक सोपा ठोकताळा आहे : किलोमीटरला ८०० ने भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. आपलं उत्तर येतं दोन तास सोळा मिनिटं. वेळापत्रकात छापतात ती वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या टोकाला ते पुन्हा लावेपर्यंतची असते. उशिराचा बट्टा लागू नये म्हणून कंपन्या त्यात पाच-दहा मिनिटं जास्तीचीही धरतात.

पंख्याचं विमान असेल तर हिशेब बदलतो. आपल्याकडे छोट्या गावांना जोडणारी सत्तर आसनांची विमानं ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास चालतात. त्यांना हाच पल्ला गाठायला सव्वातीन तास लागतील आणि सगळे प्रवासी घेऊन एवढी लांबी म्हणजे त्यांच्या ताकदीची हद्दच. तेव्हा नांदेड–अमृतसर हे जेट विमानाचंच काम आहे.

वाऱ्याचाही यात वाटा आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदीच वाहत असते. ताशी दीडशे किलोमीटरचा वेग तिला काहीच नाही. अहमदाबादहून गुवाहाटीला जाणारं विमान या प्रवाहाबरोबर भरकन जातं आणि परत येताना त्याची दमछाक होते. आपला रस्ता मात्र दक्षिणोत्तर आहे, वारा कुशीवर येतो. अशा वेळी वैमानिक विमानाचं नाक थोडं पश्चिमेकडे वळवून ठेवतो. भरल्या पुरातून होडी पलीकडे नेणारा नावाडी जसा प्रवाहाच्या उलट तोंड करून वल्हवतो, तसं. जाताना थोडी पश्चिम गाठायची असते म्हणून चार-पाच मिनिटं जास्त लागतात, येताना तीच वाचतात. पंजाबात डिसेंबर-जानेवारीत पडणाऱ्या धुक्याचा त्रास यापेक्षा कितीतरी मोठा. वारा मिनिटं खातो, धुकं तास खातं.

आकाशातही ठरवून दिलेले रस्ते असतात. विमान सरळ रेषेत निघालं असं आपण मानलं, प्रत्यक्षात ते एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जातं, दिल्लीच्या गर्दीला वळसा घालतं, लष्करी क्षेत्रं टाळतं. अमृतसर तर सरहद्दीपासून मोटारीनं तासाभराच्याही आत. तिथलं आकाश कधी राजकारणानंच बंद होतं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीला बंद होते, त्यात अमृतसरही होतं. त्या दिवसांत या दोन गावांमधलं हवाई अंतर १,४१५ किलोमीटरच होतं, पण उड्डाणाची वेळ कुणालाच सांगता आली नसती.

शेवटी घरापासून घरापर्यंतचा वेळ. विमानतळावर दोन तास आधी पोचा, सामान द्या, तपासणी करा. उतरल्यावर सामानाची वाट बघा, मग रिक्षा, मग घर. सव्वादोन तासांचं उड्डाण सहा तासांचं होतं. तरीही चौतीसपुढे सहा म्हणजे खूप झालं. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथं असेल.

आता आपण थोडे मागे जाऊ. या वाटेचा इतिहास विमानापेक्षा आणि रेल्वेपेक्षाही जुना आहे. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीशी ज्यांचं नाव जोडलं गेलं आहे, ते संत नामदेव चौदाव्या शतकात पंजाबात गेले, घुमानला राहिले, असं परंपरा सांगते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाला ही वाट कमीत कमी तीन महिन्यांची. पुढे १७०७ च्या अखेरीस आग्र्याहून निघालेल्या बहादूरशहाच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि १७०८ च्या ऑक्टोबरात नांदेडला त्यांचा देह पडला. त्याच वर्षी बंदा बहादूर नांदेडहून पंजाबकडे निघाला. १७१० साली त्यानं सरहिंद घेतलं. तेव्हा अमृतसर नांदेडहून ‘लांब’ होतं, पण सगळ्यांनाच सारखं लांब होतं. मुंबईच्या बेटावरच्या माणसालाही ते काही जवळ नव्हतं.

एप्रिल २०१५ मध्ये घुमानला ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मीही गेलो होतो, रेल्वेनं. तिथं एका वृद्ध पंजाबी शेतकऱ्यानं मला विचारलं, ‘‘किती लांबून आलात?’’ मी म्हणालो, ‘‘दोन दिवस.’’ त्याला ते लगेच पटलं. किलोमीटर सांगितले असते तर त्यानं नुसती मान हलवली असती. माणसाला अंतर कळतं ते वेळेतूनच.

आणि ही वेळ आता सगळ्यांना सारखी उरलेली नाही. मुंबईहून अमृतसरला रोज थेट विमानं आहेत. खरं तर नांदेडहून उड्डाण थोडं लवकर व्हायला हवं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांना रांगेत थांबावं लागतं. नांदेडचं आकाश मोकळं आहे. पण विमान मोकळं आकाश बघून येत नाही, भरलेल्या खुर्च्या बघून येतं.

नांदेडला धावपट्टी नाही असं मुळीच नाही. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं इथला विमानतळ नव्यानं उभा राहिला. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतली पहिली उड्डाणं सुरू झाली, त्यांत शिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबादबरोबर नांदेड–हैदराबादही होतं. अर्ध्या जागांना साधारण तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा, अशी ती योजना. २३ डिसेंबर २०१७ पासून नांदेड–अमृतसर थेट विमानही सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. करोनाच्या काळात त्यात खंड पडला आणि पुढे ते थांबलं. हैदराबादला जाणाऱ्या कंपनीची उड्डाणं २०२२ साली थांबली. मग ३१ मार्च २०२४ पासून बंगळूर–नांदेड–हिंडन–आदमपूर अशी नवी सेवा आली.

या शेवटच्या वाटेची गंमत सांगतो. दिल्लीजवळचं हिंडन आणि आपलं नांदेड जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. विमान इथून उडतं आणि सरळ उत्तरेला जातं, सुमारे १,०६० किलोमीटर. तिथून जालंधरजवळचं आदमपूर आणखी ३४० किलोमीटर. मधे थांबूनही एकूण अंतर थेट रेषेपेक्षा जेमतेम तीस किलोमीटरनं वाढतं. वाढतो तो वेळ. एक उतरणं, एक थांबणं, पुन्हा एक चढणं, म्हणजे तासभर तरी. आणि आदमपूरहून अमृतसर मोटारीनं आणखी शंभरेक किलोमीटर.

‘उडान’मध्ये सरकार विमान कंपनीला तोटा भरून काढण्यासाठी साधारण तीन वर्षं पैसे देतं. तेवढ्या अवधीत मार्ग आपल्या पायावर उभा राहावा अशी अपेक्षा असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात याचा हिशेब आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ वरच विमानं सुरू झाली. त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत ५४ मार्ग टिकून होते. म्हणजे छोट्या गावाचं विमान हे पहिल्या पावसानं वाहणाऱ्या ओढ्यासारखं असतं. आहे तेव्हा आहे. पुढच्या उन्हाळ्यात असेलच असं नाही.

याचा अर्थ एखाद्या घरात काय होतो, ते मी जवळून पाहिलं आहे. माझा एक जुना मित्र नांदेडचाच शीख. चार पिढ्या इथल्या. ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, घरात दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, गुरुद्वाऱ्यात पंजाबी. त्याची मोठी बहीण तरनतारनकडे दिलेली. २०२२ च्या हिवाळ्यात एका रात्री दहा वाजता फोन आला की बहीण गेली. अमृतसरचं थेट विमान तेव्हा बंद होतं. गाडी सकाळी सुटणार आणि दुसऱ्या रात्री पोचणार. म्हणून त्यानं भाड्याची मोटार केली आणि रातोरात हैदराबाद गाठलं. पावणेतीनशे किलोमीटर, तेही उलट्या दिशेला, दक्षिणेकडे. तिथून पहाटेच्या विमानानं दिल्ली. दिल्लीत धुकं. पुढचं विमान चार तास जागचं हललं नाही. तो पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुपारीच सगळं आटोपलं होतं, तिथल्यांनी तरी किती थांबायचं?

परत आल्यावर तो कुणावर रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, ‘‘माझा चुलतभाऊ मुंबईला असतो. त्यालाही फोन त्याच वेळी गेला होता. तो सकाळी दहालाच पोचला. भाईजान, मुंबई काय नांदेडपेक्षा जवळ आहे का?’’

नाही. दोन्हीकडून चौदाशे पंधरा-सोळा किलोमीटरच. मी हे गणित पहिल्यांदा केलं ते त्या दिवशी, त्याच्या दुकानात, बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. त्यानं तो कागद नीट घडी करून गल्ल्यात ठेवला.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ‘अमुक गावाहून तमुक गावाला विमानसेवा सुरू’ अशी बातमी आली की नुसतं ‘किती तासांत पोचतं’ एवढंच विचारू नका. ते उत्तर आता तुम्हाला घरबसल्या काढता येईल, ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. विचारायचं ते असं : आठवड्यातून किती दिवस? रात्री फोन आला तर सकाळी मिळेल का? सरकारी मदतीची तीन वर्षं संपल्यावर कोण चालवणार? आपल्या आमदार-खासदारांना, व्यापारी मंडळींना हे प्रश्न विचारायला हवेत आणि विमान सुरू असेल तेव्हा जमेल त्यानं त्यातून जायलाही हवं. रिकाम्या खुर्च्यांची बाजू मांडायला कुणी पुढे येत नाही.

अक्षांश-रेखांश आपल्या हाती नाहीत. वेळापत्रक मात्र माणसंच लिहितात, आणि ते बदलूनही घेता येतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)